इंग्रजीच्या तासाला आणलेली कडी

"असं कसं न्हाई? जुनं काही ना काही प्रत्येकाच्या घरात असतंच," असं मी भर वर्गात हसून म्हणालो, आणि चाळीस पोरांतलं एकही पोर हसलं नाही.

वर्गाच्या शांततेचे प्रकार असतात. गृहपाठ न केल्याची शांतता वेगळी, खिडकीतून साप दिसल्याची वेगळी. चार वर्षं नोकरी झालेल्या मास्तराला एवढं तरी कळायला हवं. मला वाटलं, पोरांना माझं म्हणणं पटलंय. म्हणून मी तेच आणखी एकदा म्हणालो. वर उदाहरणंही दिली. "अगं, फुटका तांब्या असेल, आजीचा अडकित्ता असेल, एखादा कंदील असेल. नीट शोध, सापडेल."

आमच्या घरात जुनं काही न्हाई, असं सांगायला उठलेली नववीतली ती मुलगी तिसऱ्या बाकाजवळ उभीच होती. हजेरीला 'हजर' म्हणावं तशा आवाजात ती म्हणाली, "न्हाई सर. आमचं घर अठ्ठ्याहत्तरला पेटवलं. समदं त्यात गेलं. आता जे हाय ते नवंच हाय."

यावर मी काय करावं? "बरं, बस खाली," असं म्हणालो, फळ्याकडं वळलो आणि तारीख लिहिली. तारीख सकाळीच लिहिलेली होती. मी तिच्याखाली तीच तारीख पुन्हा लिहिली आणि घंटा व्हायची वाट पाहत खडू झटकत राहिलो.

मी त्या गावात नवा होतो, हे खरं. पण हे कारण सांगायची आता मला लाज वाटते. गाव जिंतूर तालुक्यातलं आणि मी गंगाखेडकडचा, म्हणजे याच जिल्ह्यातला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडाभर त्याचा राग दलित वस्त्यांवर निघाला, तेव्हा मी बी.एड. करत होतो. रोज वर्तमानपत्र वाचून आम्ही मित्र हळहळायचो. हळहळून झालं की चहा सांगायचो. पाच वर्षांनी त्याच बातम्यांतल्या एका घरातली मुलगी माझ्यासमोर बसलेली असेल, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. डोकं तेव्हा फार मोठमोठ्या गोष्टींनी भरलेलं होतं.

त्या गोष्टी मी औरंगाबादहून भरून आणल्या होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं इंग्रजीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. एका बाईंनी सांगितलं की खेड्यातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं तर लंडनचं धुकं बाजूला ठेवा. त्यांच्या गावाचा इतिहास, घरातल्या चालीरीती, सणवार, यांच्यावर खेळ घ्या. भाषा आपोआप येईल. मला हे इतकं पटलं की परत येताना मी ते एसटीत शेजारच्या माणसालाही पटवून दिलं. तो देवगाव फाट्याला उतरला. त्याला पुढं जायचं होतं, असं मला अजून वाटतं.

तर शाळा सुरू झाल्यावर मी वर्गात खेळ सुरू केले. पहिल्यांदा बाजार मांडला. पोरांनी घरून जुनी मापं आणली, शेर, पायली, आणि ज्वारीऐवजी खडे मोजत इंग्रजीत घासाघीस केली. मग लग्न लावलं. नवरदेव मांडवात रुसून बसतो आणि त्याची समजूत काढावी लागते, ती सगळी समजूत इंग्रजीत काढायची. आमचा नवरदेव इतका रंगात आला की घंटा झाली तरी उठेना. सासऱ्यानं त्याला इंग्रजीत घड्याळ कबूल केलं, सायकल कबूल केली. शेवटी मीच त्याला छडी कबूल केली, तेव्हा उठला.

सगळ्यांत रंगला तो चारठाण्याचा खेळ. तिथल्या जुन्या देवळांत आम्ही सहल नेली. निम्मी पोरं गाईड, निम्मी परदेशी पाहुणे. पाहुण्यांनी टॉवेलाच्या हॅट बांधल्या होत्या. तिसऱ्या बाकावरची ती मुलगी गाईड होती आणि तिच्यासारखी गाईड दुसरी नव्हती. खांबाजवळ उभी राहून नक्षीतलं एकेक काढून दाखवायची. तिच्या वाट्याला आलेल्या पाहुण्याला इंग्रजीत एकच प्रश्न येत होता, "व्हॉट इज धिस?" तो खांबाला विचारी, पायरीला विचारी, चिंचेच्या झाडाला विचारी. शेवटी बाहेर एक गाढव उभं होतं, त्याच्याकडं बोट दाखवून त्यानं विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "धिस इज युवर ब्रदर. ही केम बाय द मॉर्निंग बस." मी तिला वहीत दहापैकी दहा दिले.

आणि मग हा खेळ. घरातली एक जुनी वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल पाच वाक्यं बोलायची. वस्तू काय, कुणाची, किती जुनी, कशाला वापरायचे, आणि अजून का ठेवलीय. या शेवटच्या वाक्यावर तर मी स्वतःवरच खूश होतो.

दुसऱ्या दिवशी पोरांनी टेबल भरून टाकलं. निजामाच्या काळातले हाली सिक्के आले, उर्दूत लिहिलेले जमिनीचे कागद आले, एकानं बैलाच्या गळ्यातली चामडी पट्टी आणली. संस्थेच्या अध्यक्षांच्या मुलानं तलवार आणली. ती म्यानातून निघत नव्हती, त्यामुळं मला बरं वाटलं. आणि ती मुलगी वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून घेऊन आली.

"सर, घरी विचारलं. आईनं पेटीत ठेवलेली होती. मला ठावं नव्हतं."

वर्तमानपत्रात दाराची कडी होती. लोखंडी साखळीची, आपल्याकडं जुन्या दारांना वरच्या बाजूला असते तशी. आगीनं काळी पडलेली. तिच्या खिळ्याला चौकटीच्या लाकडाचा तुकडा अजून चिकटलेला होता, पार कोळसा झालेला. हात लावला की बोटं काळी होत.

"कडीला इंग्रजीत काय म्हणत्यात?"

मला आठवेना. डिक्शनरी काढली, 'लॅच' सांगितलं. तिनं तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला आणि मग वर्गापुढं उभी राहिली. ही आमच्या दाराची कडी आहे. ती माझ्या आजोबांनी जिंतूरच्या बाजारातून आणली. तिचं वय मला माहीत नाही, पण ती माझ्या वडिलांपेक्षा मोठी आहे. ती लावली की दार बंद व्हायचं. आणि मग शेवटचं, ज्यावर मी खूश होतो ते वाक्य. "वी कीप इट, बिकॉज देअर इज नो डोअर."

ही शांतता मात्र मला कळली. त्या वर्गात अशीही पोरं होती की ज्यांच्या घरची माणसं त्या दिवशी वस्तीच्या बाहेरून बघत उभी होती. काहींच्या घरची नुसती बघत नव्हती. पोरांना हे माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि रोज दहा ते पाच ती सगळी एका छपराखाली बसून पाढे म्हणत होती. माहीत नव्हतं ते एकट्या मास्तरला.

थोड्या वेळानं अध्यक्षांचा मुलगा म्हणाला, "सर, मी आता तलवारीचं सांगू का?" आणि त्यानं सांगितलं.

पंधरा दिवसांनी शाळेची तपासणी निघाली. शिक्षण खात्याचे साहेब येणार, ते इंग्रजीचे मोठे जाणकार आहेत, आणि परभणीला जिल्ह्याच्या इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेला प्रत्येक शाळेतून एक मूल पाठवायचंय ते तेच निवडणार, अशी बातमी आली. माझ्या जुन्या वस्तूंचं टेबल हॉलमध्ये मांडायचं ठरलं. परभणीला कोण जाणार याबद्दल वर्गात कुणालाच शंका नव्हती. तिलाही नव्हती. तिनं कडीची पाच वाक्यं वाढवून दहा केली होती, आणि ती मधल्या सुट्टीत हापशामागं उभी राहून म्हणत असे.

आदल्या दिवशी मुख्याध्यापक टेबल बघायला आले. ते हिंदी शिकवायचे. माणूस तसा वाईट नव्हता. हे वाक्य मी त्यांच्याबद्दल आजवर इतक्या वेळा म्हटलंय की त्या वाक्याचाच मला आता संताप येतो. या जिल्ह्यात सगळी माणसं तशी वाईट नसतात. मग घरं काय आपोआप पेटतात?

त्यांनी कडी दोन बोटांनी उचलली. "हे काय लोखंड?"

"दाराची कडी आहे सर. तिच्या घराची." मी नाव सांगितलं.

त्यांनी कडी खाली ठेवली, बोटं रुमालाला पुसली, दाराशी जाऊन पान थुंकून आले. "सर, तुमी नवे हाव. हा मामला कवाच मिटलेला हाय."

"मिटलाय तर मग ठेवायला काय हरकत आहे?"

"हरकत कोण म्हणतंय? पण हे जुनं हाय का, ते सांगा. इतिहास म्हणलं की शंभर-दीडशे वर्षं तरी पायजेत. पाच वर्षांला कुणी इतिहास म्हणतेत का?"

"कडी जुनी आहे सर. जळाली ती पाच वर्षांपूर्वी."

"तेच म्हणायलोय मी. कडी राहू द्या, जळालेलं काढा. घासूनपुसून, तेल लावून ठेवा." मग त्यांनाच ते पटलं नाही. "न्हाई, तरी लोक विचारतील. त्यापेक्षा तिला दुसरं काहीतरी द्या. पोरगी हुशार हाय, बोलू द्या की तिला. आपल्या शाळेत भेदभाव न्हाई, हे सायबाला दिसलंच पायजे. फक्त वस्तू बदला. अध्यक्ष सायबांच्या शेजारी बसणार हायेत, खामखा त्यांना तकलीफ कशाला?"

आता इथं मी काय काय म्हणायला हवं होतं, ते मला पाठ आहे. गेली कित्येक वर्षं मी ते आंघोळ करताना म्हणतो. एखाद्या दिवशी इतकं चांगलं जमतं की पाणी गार होऊन जातं. त्या दिवशी मात्र मी म्हणालो, "बघतो." 'बघतो' हा शब्द मराठीत खास माझ्यासारख्यांसाठी तयार केलेला असावा. त्यात 'हो' नाही, 'नाही'ही नाही, आणि पगार चालू राहतो.

आणि मी खरंच बघितलं. घरी जाऊन फडताळात बघितलं. बायको हापशावर पाण्याला गेली होती. तिच्या आजीचं पितळी पानदान वरच्या फळीवर होतं, आत चुना-काताचे खण, झाकणावर मोर. तिला न विचारता मी ते पिशवीत घातलं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी त्या मुलीला वऱ्हांड्यात बोलावलं आणि पिशवी पुढं केली.

"आज तू याच्यावर बोल."

तिनं झाकण उघडून पाहिलं. "हे कुणाचं सर?"

"समज, तुझ्या आजीचं."

"माझी आजी पान खात नव्हती. तंबाखू खायची."

"समज, खायची."

"आन् कडी?"

"कडी आपण नंतर... कडीचं आपण बघू."

माझ्या तोंडून दुसऱ्यांदा तोच शब्द आला. तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. शिक्षक फळ्यावर चुकीचं लिहितो तेव्हा हुशार पोरं पाहतात, तसं तिनं पाहिलं. सांगावं की राहू द्यावं, असं. मग डबा घेतला आणि आत गेली.

साहेब अकराला आले. बारीक अंगाचे, जाड चष्म्याचे. शेजारी अध्यक्ष, गुलाबी फेट्यात. मुख्याध्यापक चहा-पोह्यांच्या मागे वऱ्हांड्यात फिरत होते. पहिल्यांदा तलवार झाली. अध्यक्षांच्या मुलानं पाच वाक्यांत तीन चुका केल्या, पण अध्यक्षांनी मान डोलावली, कारण त्यांना इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं आणि मुलगा इंग्रजी बोलतोय याचाच त्यांना आनंद होता. मग तिचं नाव पुकारलं.

ती पानदान छातीशी धरून उभी राहिली. आवाज खणखणीत होता.

"धिस इज अ बीटल बॉक्स," ती म्हणाली. "इट इज नॉट माईन."

पुढचं ती सगळं इंग्रजीतच बोलली, एकेक शब्द नीट उच्चारून. हा डबा आमच्या सरांच्या घरचा आहे. हा माझ्या आजीचा आहे असं सांगायला मला सांगितलंय. माझ्या आजीचा डबा पत्र्याचा होता, त्यात ती तंबाखू ठेवायची. पाच वर्षांपूर्वी या गावातल्या लोकांनी आमचं घर पेटवलं, त्यात तो गेला. आमच्या घरची एकच जुनी वस्तू राहिली, दाराची कडी. ती माझ्या दप्तरात आहे. ती दाखवू नको असं मला सांगितलंय. "थँक यू," असं म्हणून तिनं झाकण लावलं, त्याचा आवाज हॉलभर झाला.

नववीच्या पोरांना अक्षर न् अक्षर कळलं. महिनाभर तेच शब्द तर आम्ही वापरत होतो. घर, दार, जुनं, लोक. चाळीस पोरं माना खाली घालून बसली. अध्यक्षांचा मुलगा म्यानावरची कुयरी नखानं खरवडत होता. आणि अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही हात वर करून, मनापासून. "शाब्बास. फर्डा बोलती पोरगी. लय भारी." त्यांचं बघून मागच्या पालकांनीही वाजवल्या.

मी साहेबांकडं बघत होतो. त्यांना कळलं होतं. पेनाचं टोपण त्यांनी काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मला वाटलं, आता ते विचारतील. दप्तरातली कडी दाखव म्हणतील. निदान माझ्याकडं बघून, मास्तर हा काय प्रकार आहे, असं तरी म्हणतील. मी शिव्या खायला तयार होतो, खरं सांगतो, शिव्या मिळाल्या असत्या तर मी त्या माणसाचे पाय धरले असते.

साहेब म्हणाले, "उच्चार चांगले आहेत. फक्त आवाज थोडा खाली ठेवावा."

आणि वहीत काहीतरी लिहून त्यांनी पुढच्या मुलाला बोलवायला सांगितलं.

एक मुलगी तुमच्यासमोर उभी राहून सांगते की माझं घर पेटवलंय, पेटवणारे याच गावात आहेत, आणि तुम्हाला त्यातले उच्चार ऐकू येतात? बरं, आवाज खाली म्हणजे किती खाली ठेवायचा? पाच वर्षं तो खालीच होता. इतका खाली होता की त्याच गावात राहून, त्याच वर्गात शिकवून मला तो ऐकू आला नव्हता. विद्यापीठाचं नाव एकदाचं बदललं त्या दिवशीही मला पहिल्यांदा आठवला तो त्या पेनाच्या टोपणाचा आवाज. साहेबांवर माझा राग आहेच. पण साहेब पोहे खाऊन गेले, मी तिथंच होतो. पानदान माझं होतं.

साहेब गेल्यावर मुख्याध्यापक हात चोळत आले. बाहेर चहा गाळण्यात त्यांनी भाषण ऐकलंच नव्हतं, फक्त टाळ्या ऐकल्या होत्या. "बघा, मी काय म्हणलो होतो? सायबांनी पोरीचंच नाव घेतलं. परभणीला तीच. आता तेवढा फॉर्म भरून टाका. विषय पानाचा डबा."

मी तिला शोधायला गेलो. ती हापशाजवळ होती. तिला सांगितलं, तुझी निवड झालीय.

"कशावर बोलायचं सर?"

"डब्यावर."

"मग मी न्हाई जात."

"अगं, जिल्ह्याची स्पर्धा आहे. तिथं मोठे लोक असतात, तुझं..."

"कडीवर बोलायचं असलं तर जाते. डब्याचं मला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालं." तिनं पानदान माझ्या हातात दिलं. "बाईंना म्हणाव, घासून दिलाय. चुन्याचे डाग होते."

मी घरी आलो ते पेटलेलाच. पाय धुताना बादली लाथाडली. मुख्याध्यापकांना बोललो, साहेबांना बोललो, अध्यक्षांच्या फेट्याला बोललो, शिक्षण खात्याला तर काही ठेवलं नाही. बायको निवडत बसलेल्या तुरीतून वर बघत नव्हती. मग पिशवीतून पानदान बाहेर काढलं, तेव्हा बघितलं.

"हे कुठं गेलं होतं?"

सांगावं लागलं. सगळंच सांगावं लागलं. माझा आवाज कमी कमी होत गेला. तिनं झाकणावरचा मोर पदरानं पुसला.

"मला न इचारता नेलं, ते राहू द्या. पण तिला सांगायला लावलं, तुझ्या आजीचं म्हणून? तिची आजी कोण होती, काय करायची, हे इचारलं का तुमी तिला?"

"ते नाही विचारलं. पण तू त्या साहेबाचं बघ. तो माणूस म्हणतो..." आणि मी पुन्हा सुरू झालो. शेजारीण दारातून डोकावली.

"हळू बोला," बायको म्हणाली. "आवाज खाली ठेवा म्हणून सांगितलंय ना सायबांनी?"

त्यानंतर मी जेवलो नाही. म्हणजे थोडं जेवलो.

फॉर्म माझ्याकडं तीन दिवस होता. मुलीचं नाव, इयत्ता, शाळा, हे पहिल्याच दिवशी भरलं. विषयाची ओळ कोरी. रोज ती वर्गात यायची, सगळ्या खेळांत भाग घ्यायची, उत्तरं द्यायची, फॉर्मबद्दल एक शब्द काढायची नाही. मला एकदा वाटलं की पानदानावर एखादं सुंदर भाषण लिहून द्यावं, तिला आवडेल असं. हे वाटलं त्या क्षणाचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. चौथ्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, "फॉर्म द्या, आज टपाल जातंय." तेव्हा मी पेन काढलं आणि विषयाच्या ओळीत इंग्रजीत लिहिलं, आमच्या दाराची कडी. इतकं दाबून लिहिलं की अक्षर मागच्या बाजूला उमटलं.

"डब्याचं लिहिलं ना?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"विषय लिहिलाय सर," मी म्हणालो. त्यांनी नेहमीप्रमाणं न वाचता हिरव्या शाईत सही केली.

त्या दिवशी संध्याकाळी मी तिला सांगितलं, कडी घेऊन यायचं. ती हसली नाही. तिनं विचारलं, "तेल लावून का तशीच?" कुणी सांगितलं होतं तिला कुणास ठाऊक. "तशीच," मी म्हणालो.

स्पर्धेच्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही परभणीला गेलो. ती, तिची आई आणि मी. आईनं कडी पूर्ण रस्ता मांडीवर धरली होती, वर्तमानपत्रासकट. हॉलमध्ये तालुक्या-तालुक्यांची पोरं होती, इस्त्रीच्या कपड्यांतली. बहुतेकांनी ताजमहाल घेतला होता. तिचा नंबर आला तेव्हा तिनं कडी वर्तमानपत्रातून काढून टेबलावर ठेवली. कोळशाचा थोडा चुरा पांढऱ्या टेबलक्लॉथवर पडला. दहा वाक्यं तिनं न चुकता म्हटली. शेवटचं तेच होतं, दार नाही म्हणून आम्ही कडी ठेवली.

तीन परीक्षकांपैकी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला आणि इंग्रजीतच विचारलं, "घर कुणी पेटवलं?"

"आमच्या गावच्या माणसांनी, सर. ती गावातच आहेत. त्यांची मुलं माझ्या वर्गात आहेत. आम्ही सगळे मिळून खेळ खेळतो."

ते उठले, टेबलाजवळ आले, कडी हातात घेतली, बघितली, आणि होती तशी परत ठेवली. बोटं पुसली नाहीत.

नंबर आला नाही. पहिला नंबर ताजमहालाला मिळाला, ताजमहाल न पाहिलेल्या एका मुलाच्या. तिला भाग घेतल्याचं प्रमाणपत्र मिळालं. परतताना बसस्टँडवर मी तिची समजूत काढायला लागलो, पुढच्या वर्षी वगैरे. ती उसाचा रस पीत होती. ग्लास खाली ठेवून म्हणाली, "त्यांनी इचारलं तरी सर. आजवर कुणी इचारलं नव्हतं."

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. फॉर्मवर विषय कसा लिहिला, मुख्याध्यापकांनी तो न वाचता सही कशी केली, हे जरा रंगवूनच सांगितलं. त्या माणसाला अजून पत्ता नाही, असं म्हणून मी हसलो. ती पानदान उघडून सुपारी कातरत बसली होती. माझं हसू संपेपर्यंत थांबली.

"पोरगी बोलून आली, लय चांगलं झालं," ती म्हणाली. "पण तिनं गावासमोर उभं राहून सांगितलं, आन् तुमी कागदावर लपवून लिहिलं. ते इंग्रजीत झालं. आता मुख्याध्यापकांना मराठीत कवा सांगताव?"